परिणाम: मोजलेला नाही

मानवतच्या जिनिंगमधला काळा डबा
साडेआठला बटण दाबलं
की नऊला दहा कमी असताना शुद्धीवर येतो.
तोवर काट्यासमोर ट्रॅक्टर उभे,
गणाचार्य अप्पांचा चहा गार,
आणि मला फोन:
"ताई, ह्याला काहून इतका वेळ लागायलाय?
नवाच घ्यावा का आता?"

नवा घ्या म्हटलं तर माझं भलं होतं.
पण परभणीहून तासभर एसटीत उभं राहून आले
ती काय डबा बदलायला?

आधी ब्लोअर मारला.
पंख्यातून उशीपुरता कापूस निघाला.
मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, आणि "स्टार्टअप"वर टिचकी.
बघते तर लग्नघरी न बोलावता
सगळे आधीच पंगतीला बसलेले.

प्रिंटर तर कधीच भंगारात गेला,
त्याचा कारकून मात्र अजून रोज येऊन
शाई किती उरली ते विचारतो.
मुदत संपलेला अँटिव्हायरस दारात बसून
पैसे द्या, नाहीतर चोर येतील म्हणतो.
एक पंचांग, राहुकाळ सांगणारं,
एक कुणाच्या तरी चेहऱ्यावरचे डाग काढणारं,
आणि लातूरच्या पोरानं
लांबून दुरुस्ती करायला ठेवलेलं मागचं दार.
पोरगं नोकरी सोडून गेलं, दार उघडंच.
ते मी आधी लावलं
आणि मग अप्पांना विचारलं.

"काढू नका हं काही. कुणाचं काय काम असंल."

"काढत नाही, अप्पा. फक्त पहाटे उठवत नाही.
लागलं की हाक मारा, येतील."

"म्हंजे बडतर्फ नाही, रजेवर."

"रजेवर. पंचांगसुद्धा."

"पंचांग राहू द्या."

राहिलं.

शेवटी एक ओळ उरली.
नाव: शून्य. प्रकाशक: अज्ञात.
परिणाम: मोजलेला नाही.
असल्या बिनसहीच्या पाहुण्यावर
आमचं बोट पहिलं जातं.
तरी उघडून पाहिलं, सवय आहे.
आत चार ओळी. काळी खिडकी उघडायची,
त्यात इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
काट्याचं शून्य पाहिलं का?
एच दाबेपर्यंत हलायचं नाही.

"ते खय्यूमचं," अप्पा म्हणाले.
"आता सेलूला मोबाईलचं दुकान टाकलंय त्यानं."
मग जरा थांबून,
चहावरची साय बोटानं बाजूला करत,
"एका हंगामात चिखलासकट काटा शून्य केला पोरांनी.
चिखल वाळून पडला. काटा उणे वीसवर.
ट्रॉलीचं रिकामं वजन आम्ही वहीतलं धरतो,
म्हंजे गाडीमागं वीस किलो कापूस गायब.
गायब कुठला, आपल्याच गोदामात.
पाच दिवस कुणाच्या लक्षात नाही.
खय्यूमनं पावत्या काढल्या, एकशे बारा,
आणि माझ्यासमोर ठेवून
जेवायला गेला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
पैसे दिले असावेत. चेहरा तसा होता.

"पण आता बंदच करा ते.
कुणी वाचत नाही. न बघता एच दाबतात."

खरं होतं ते.
रोज विचारलेला प्रश्न
पिठाच्या गिरणीच्या आवाजासारखा होतो,
शेजाऱ्याला ऐकूच येत नाही.

मी बंद केलं नाही.
एक ओळ बदलली.
आता एच चालत नाही,
काट्यावर दिसतो तो आकडा टाकावा लागतो.

डबा बंद केला, पुन्हा चालू केला.
एक मिनिट दहा सेकंद.
अप्पांनी मनगटावर बघितलं,
भिंतीवर बघितलं,
दोन्ही घड्याळं एकदम बिघडल्यासारखं तोंड केलं.
आणि काळी खिडकी
आकड्यासाठी थांबून राहिली.

"गजू! काट्यावर किती दाखवतंय?"

बाहेर रिकामा काटा.
गजूनं खराटा खाली ठेवला,
काचेवरची धूळ बाहीनं पुसली.

"उणे दहा!"